क्षेत्रभेट : पुस्तकातली आणि प्रत्यक्षातली

महाराष्ट्रात 2018 साली इयत्ता दहावीच्या भूगोलाचे जे पाठ्यपुस्तक आले, त्यातील पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ या विषयावर आहे. नळदुर्गच्या शाळेतील मुले शिक्षकांसह बसने अलिबागला निघतात, पठारापासून कोकणापर्यंत बदलत जाणारा प्रदेश न्याहाळतात, प्रश्न विचारतात. पाठ चांगला आहे. त्याखालचा स्वाध्याय विचारतो : क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा, सोबत कोणते साहित्य न्याल? या प्रश्नांची उत्तरे बहुसंख्य मुले मार्गदर्शकातून पाठ करून लिहितात. होकायंत्र, नकाशा, नोंदवही, प्रथमोपचार पेटी असे सारे साहित्य वहीत शिस्तीने मांडले जाते. ते घेऊन जावयाचे मात्र कोठेच नसते. पोहण्याची परीक्षा फळ्यावर घ्यावी, तसाच हा प्रकार म्हटला पाहिजे.

शाळा मुलांना बाहेर नेतच नाहीत असे मात्र नव्हे. दिवाळीची सुटी संपली की सहलींचा हंगाम सुरू होतो. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते आणि पहाटेच्या थंडीत शाळेच्या फाटकापाशी गाड्या उभ्या राहतात. परंतु त्या सहलीची कार्यक्रमपत्रिका एकदा वाचून पाहावी. दोन दिवस, सहा-सात ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी उतरा, रांग करा, मोजणी द्या, पाहा, खरेदी करा, पुन्हा मोजणी द्या आणि गाडीत बसा. शिक्षकांच्या दृष्टीने या साऱ्यात मोजणी हाच मुख्य विषय होऊन बसतो. अलीकडे याहूनही सोपा मार्ग सापडला आहे. वॉटर पार्कच्या कुंपणात मुलांना सकाळी सोडावे आणि संध्याकाळी बाहेर काढावे. मौजेचे कोणाला वावडे असण्याचे कारण नाही. वर्षभर मागच्या बाकावर मुका बसलेला मुलगा गाडीत भेंड्या लावतो आणि आपल्या डब्यातील चटणी शिक्षकांपुढे करतो, हेही शिक्षणच होय. प्रश्न एवढाच, की ज्याला आपण ‘शैक्षणिक सहल’ म्हणतो, त्यातील पहिला शब्द कोठे गळून पडला?

तो गळण्याला भीतीही कारण आहे, आणि ती भीती खोटी नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून 12 मुले आणि 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांना जीवरक्षक जाकिटे मिळालेली नव्हती. अशा घटनेनंतर परिपत्रके निघतात. समुद्र टाळा, धरणे टाळा, उंच टेकड्या टाळा. पालकांची संमतिपत्रे घ्या, परवानग्या घ्या. यातील पुष्कळ सूचना योग्यच आहेत. तथापि कागद वाढले म्हणून नावाड्याची नाव तपासली जाते असे नाही. अपघात घडलाच तर आधी निलंबित होतो तो शिक्षक. मग शहाणा मुख्याध्यापक काय करील? तो वॉटर पार्क तरी निवडील, नाही तर सहलच रद्द करील.

वस्तुतः सुरक्षितता आणि अभ्यास यांचा झगडा नाही. पाठ्यपुस्तकातील अलिबागचेच उदाहरण घ्यावे. तेथील कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि भरती आली की वाट पाण्याखाली जाते. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ साधारणपणे काढतो : अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून बाराच्या सुमारास ओहोटी. सहलीच्या दिवसाची तिथी काढून किल्ल्यात केव्हा शिरावयाचे आणि केव्हा निघावयाचे, याचे गणित मुलांनीच वर्गात मांडावे आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून ते तपासून घ्यावे. असे केलेला मुलगा पाण्याकडे अधिक धाकाने पाहील. पाण्यात उतरण्यास मनाई असावीच. पण मनाईचे कारण ज्याला उमगले, त्याच्यावर लक्ष ठेवणे सोपे जाते. याच अलिबागेत 1904 साली भूचुंबकीय वेधशाळा उभी राहिली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ती येथे आणली; इमारतीत लोखंड नाही. विज्ञानाच्या तासाला चुंबकसूची हाताळणाऱ्या मुलांना या इमारतीची गोष्ट रस्त्यावरून जाता जाता तरी कळावयास नको काय?

किंवा एकटा जुन्नर तालुका घ्यावा. शिवनेरीवर बहुतेक शाळा जातात, पाळण्यापाशी छायाचित्र काढतात आणि परततात. त्याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन नागनिकेचा शिलालेख आहे आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. शून्य आणि स्थानमान या गोष्टी त्या लिखाणात नाहीत. शून्याची महती सांगणारी दहा व्याख्याने जे करू शकणार नाहीत, ते ही एक भिंत करील. तेथून काही अंतरावर खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींचा समूह आहे. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, तो विद्यार्थ्यांसाठी खुला असतो. दोन दिवस, एक तालुका आणि दोन हजार वर्षे! सात ठिकाणांची धावपळ करण्यापेक्षा हा प्रवासही कमी आणि खर्चही कमी.

खर्चाचा उल्लेख आला आहे, तर सहलीच्या याद्यांतील एका नोंदीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. “मला गाडी लागते,” असे सांगून दर वर्षी काही मुले मागे राहतात. वर्गशिक्षकाला खरे कारण ठाऊक असते. वर्गणी भरणे घरी शक्य नसते आणि चौदा वर्षांच्या मुलाला ते चारचौघांत सांगवत नाही. सहलीच्या दिवशी अशी मुले घरी थांबतात किंवा दोन-तीन तुकड्यांतून गोळा करून एका वर्गात बसविली जातात. परतल्यावर आठवडाभर वर्गात सहलीच्याच गोष्टी चालतात आणि मग निबंधाला विषय येतो, ‘आमची सहल’. शाळेने हेतुपुरस्सर केलेली ही क्रूरता नव्हे. परंतु जो उपक्रम अभ्यासाचा भाग म्हणावयाचा, त्याची वर्गणी प्रयोगशाळेतील रसायनांप्रमाणे शाळेच्या खर्चात का धरली जाऊ नये, याचे उत्तर शिक्षणखात्याने द्यावयास हवे.

शिवाय प्रत्येक क्षेत्रभेटीस बस लागतेच असे नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. माध्यमिक शाळांना तितके दूर जाण्याचीही गरज नाही. बाजार समितीतील लिलाव, गावाची पाणीपुरवठा योजना, एस.टी.ची कार्यशाळा, यंत्रमागाची शेड, कुंभाराची भट्टी ही ठिकाणे अनेक शाळांच्या पायी अंतरावर असतात. पाठ्यपुस्तक ज्या प्रश्नावल्या तयार करावयास सांगते, त्या तेथे खरोखर विचारता येतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात मुलांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे म्हटले आहे. हे दिवस शाळेच्या सभागृहात चित्रफिती दाखवून संपविण्याचा मोह पुष्कळांना होईल. त्याऐवजी वेळापत्रकात महिन्यातून एक दुपार मोकळी धरावी, ती शिक्षकाचे काम म्हणून मोजावी आणि पुरेशी काळजी घेऊनही काही घडले, तर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची हमी खात्याने लेखी द्यावी. मुलांच्या जबाबदारीचे लेखी हमीपत्र शिक्षकाकडून घेतले जाते, मग ही दुसरी हमी मागणे अवाजवी ठरू नये.

दहावीच्या मुलांना तर ‘बोर्डाचे वर्ष’ म्हणून पुष्कळ शाळा सहलीला नेतच नाहीत. म्हणजे क्षेत्रभेटीचा पाठ ज्या वर्षी, नेमका त्याच वर्षी मुलांचे शाळेबाहेर जाणे बंद. तो पुस्तकातला पहिला पाठ असल्याने शाळा उघडल्यावर लगेच शिकविला जातो. तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो आणि शाळेमागच्या ओढ्याला गढूळ पाणी येऊ लागलेले असते. ते पाणी कोणाच्या शेतातली माती घेऊन चालले आहे, हे पुलावर उभे राहून पाहावयास एक तास पुरतो.