मोंटिसेलोच्या टेकडीवरील दोन कबरस्थानें

आपल्या पूर्वजांचीं नांवें किती पिढ्यांपर्यंत सांगतां येतील असें कोणीं विचारिल्यास आपणांपैकीं पुष्कळजण पणजोबांपाशीं येऊन थांबतील. तथापि नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या कीं त्यांमागील आणखी कित्येक पिढ्या सांपडण्याचा संभव असतो. परंतु ज्यांच्या थडग्यांवर एक अक्षरही कोरलें गेलें नाहीं आणि ज्यांचीं नांवें कोणींही मानानें लिहून ठेविलीं नाहींत, त्यांच्या वंशजांनीं आपलें कूळ कसें शोधावें? अमेरिकेंतील एका टेकडीवर या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं मिळालें आहे. तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

व्हर्जिनिया राज्यांत शार्लट्सव्हिल शहराजवळ मोंटिसेलो नांवाची टेकडी आहे. तेथें थॉमस जेफर्सन यांचें घर होतें. सर्व मनुष्यें जन्मतः समान आहेत हें तत्त्व सांगणारा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा यांच्याच लेखणींतून उतरला. पुढें ते राष्ट्राध्यक्षही झाले. तेच गृहस्थ आपल्या हयातींत सहाशेंहून अधिक गुलामांचे धनी होते! त्यांच्या कुटुंबाचें कबरस्थान १७७३ सालीं सुरू झालें. ४ जुलै १८२६ रोजीं जेफर्सन वारले, तेव्हां त्यांचाही देह तेथेंच ठेवण्यांत आला. त्या ठिकाणीं आज उंच स्तंभ आहे व त्यावर त्यांनीं स्वतःच योजिलेला लेख आहे.

त्याच टेकडीवर दुसरेंही एक कबरस्थान होतें. तें गुलामांचें. कालांतरानें त्यावर झाडी वाढली व शेजारीं मोटारी उभ्या करण्याची जागा झाली; येणारे-जाणारे त्याजवरून नकळत निघून जात. अखेर २००१ च्या सुमारास पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं तेथें शोध करून तें कबरस्थानच असल्याची खात्री करून घेतली.

नांव नसलेली कबर ओळखतात कशी, हें समजून घेण्यासारखें आहे. कबर खणतांना खालची माती वर येते, व भरतांना दोन्ही थर मिसळतात. ही मिसळलेली माती शेजारच्या न हललेल्या मातीहून रंगानें व पोतानें निराळी राहते. वरचा थर हलक्या हातानें दूर केला कीं तिचा लांबट आकार स्पष्ट दिसतो. पुढें पेटी व देह कुजले म्हणजे माती खचून जमिनींत खळगा पडतो. उशाशीं व पायथ्याशीं रोविलेले अनघड दगड ही आणखी एक खूण. अशा खुणांवरून चाळीसांहून अधिक कबरींचा पत्ता लागला. अस्थींस कोणींही हात लाविला नाहीं.

परंतु त्या कबरींत निजलेले कोण होते? दगड मुके होते. म्हणून संशोधक कागदांकडे वळले. जेफर्सन आपल्या शेतीची वही काळजीपूर्वक ठेवीत असत. कोणास किती कापड दिलें, कोणास घोंगडी दिली, कोणाचें मूल केव्हां जन्मलें, हें सारें तींत आहे. मालमत्तेचा हिशेब म्हणून लिहिलेलीं तीं पानें आज अनेक घराण्यांची वंशावळ झालीं आहेत. एलिझाबेथ हेमिंग्ज ही अशाच एका घराण्याची मूळ माता होय. ती १८०७ सालीं वारली. तिचीं मुलें, नातवंडें व पतवंडें मिळून सत्तरांहून अधिक माणसें त्या टेकडीवर दास्यांत राहिलीं.

जेफर्सन यांच्यामागें मोठें कर्ज राहिलें. तें फेडण्याकरितां जानेवारी १८२७ मध्यें लिलांव पुकारण्यांत आला, व त्याच्या जाहिरातींत १३० गुलाम विक्रीस होते. एलिझाबेथचा नातू जोसेफ फॉसेट हा लोहार होता. मृत्युपत्रान्वयें त्याला स्वातंत्र्य मिळणार होतें; परंतु त्याची पत्नी व मुलें त्या लिलांवांत विकलीं गेलीं. पीटर हा त्याचा मुलगा त्या वेळीं अवघा अकरा वर्षांचा होता. त्याला स्वतंत्र होण्यास १८५० साल उजाडलें. पुढें तो सिनसिनाटी येथें धर्मोपदेशक झाला, आणि म्हातारपणीं, १९०० सालीं, त्यानें आपली जन्मभूमि पुन्हां पाहिली.

अशा ताटातुटीनंतर वंशाचा धागा जुळविणें किती कठीण, हें शिरगणतीच्या कागदांवरून कळतें. १८५० व १८६० च्या गणतींत गुलामांची यादी धन्याच्या नांवाखालीं केली जाई. तींत वय, लिंग व वर्ण एवढेंच लिहीत. नांव बहुधा नसेच. १८६५ सालीं गुलामगिरी संपली, आणि १८७० च्या गणतींत या लोकांचीं नांवें प्रथमच इतर नागरिकांप्रमाणें लिहिलीं गेलीं. त्यामागें जावयाचें तर मृत्युपत्रें, खरेदीखतें व धन्याच्या वह्या चाळाव्या लागतात.

जेथें कागद संपतो तेथें आजीची गोष्ट उपयोगीं पडते. १९९३ सालीं मोंटिसेलोच्या संशोधकांनीं गुलामांच्या वंशजांस भेटून त्यांच्या घरांतील आठवणी टिपण्यास आरंभ केला. अशी एक आठवण फार पूर्वींच छापली गेली होती. एलिझाबेथची कन्या सॅली हिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज यानें १८७३ सालीं ओहायोमधील एका वृत्तपत्रांत, आपला पिता जेफर्सनच होय, असें सांगितलें होतें. शंभर वर्षें पुष्कळ विद्वानांनीं तें खोटें मानिलें. १९९८ सालीं, बापाकडून मुलाकडे बहुतेक जसाच्या तसा उतरणारा रक्तांतील अंश तपासण्यांत आला. तेव्हां मॅडिसनचा भाऊ एस्टन याच्या वंशजाचा अंश जेफर्सन यांच्या चुलत्याच्या वंशजांशीं जुळला. केवळ तेवढ्यावरून पिता कोण हें ठरत नाहीं. परंतु जुन्या कागदांची जोड मिळाल्यावर, २००० सालीं मोंटिसेलोच्या संस्थेनेंही मॅडिसनचें म्हणणें बहुतांशीं खरें असल्याचा निर्णय दिला. तरीही २००२ सालीं जेफर्सन कुटुंबाच्या संघानें हेमिंग्जच्या वंशजांस आपल्या कबरस्थानांत जागा देण्याचें नाकारलें!

मॅडिसनची हकीकत ज्या १८७३ सालीं प्रसिद्ध झाली, त्याच सालीं इकडे जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस त्यांनीं तें अर्पण केलें. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या या पुरुषास सातासमुद्रांपलीकडील त्या अनामिकांचें दुःख परकें वाटलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, दगड झिजतात व कागदांस वाळवी लागते. म्हणून येत्या सुटींत घरीं जाल तेव्हां आजीआजोबांजवळ बसा, त्यांच्या आईवडिलांचीं नांवें व गांवें विचारा, आणि तीं वहींत तारखेसह टिपून ठेवा. गांवाबाहेर नांव नसलेला एखादा दगड उभा दिसला तर त्याविषयींही वडीलधाऱ्यांस विचारा. सांगणारें माणूस आहे तोंवरच विचारतां येतें.