मागचे स्पीकर मुके का राहतात?

हप्त्यावर होम थिएटर घ्यावे, खोलीत सहा पेट्या मांडाव्यात आणि सिनेमा लावल्यावर आवाज मात्र समोरूनच यावा, हा अनुभव आज अनेक कुटुंबांना येतो. आमच्या घरी सहा महिने हेच चालले होते. दुकानदार म्हणाला, "टीव्ही जुना झाला, नवा घ्या." मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांकडे माझी नजर गेली. पण घरातील मंडळींनी अडवले, "आधी समजून घ्या, मग खर्च करा." शेवटी दोष सापडला तो एका वायरीत आणि एका सेटिंगमध्ये!

सांगणारा जाणकार आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण दुकानातही उपयोगी पडते. म्हणून हा लेखप्रपंच.

५.१ म्हणजे काय?

समोर डावा, उजवा व मधला असे तीन आणि बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे दोन, असे पाच स्पीकर. '.१' म्हणजे सबवूफर; ढोल, गडगडाट असे खालच्या पट्टीचे आवाज तो देतो. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात.

हे केवळ चैनीचे नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर पकडणारे कुटुंब शाळेतले राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते. तिथे आवाजच कथा सांगतो.

हे सहा ध्वनी वेगवेगळे राहून संचापर्यंत पोहोचले पाहिजेत. वाटेत त्यांचे दोन झाले, की पुढे पुन्हा खरे सहा होत नाहीत. म्हणून वाटेतली चार दारे क्रमाने तपासावीत.

पहिले दार : ॲप

सिनेमा सुरू करून ऑडिओची यादी उघडा. नेटफ्लिक्सवर भाषेपुढे '५.१' असे लिहिलेले दिसते. कधी मूळ भाषेत ५.१ असते, पण डब केलेल्या भाषेत नसते. संगणकाच्या ब्राउझरमधून बरेचदा दोनच ध्वनी मिळतात. त्यापेक्षा टीव्हीतले ॲप किंवा टीव्हीला लावायची स्टिक बरी.

"तुमचे इंटरनेट मंद आहे" हेही नेहमीचे उत्तर. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ५.१ ध्वनीचा दर्जा वाढवला, तेव्हा त्याचा दर सेकंदाला जास्तीत जास्त ६४० किलोबिट ठेवला. हिशेब केला तर तासाला सुमारे २८८ एमबी होतात. चांगल्या चित्राला याहून कितीतरी अधिक लागते. मात्र डेटा वाचवण्यासाठी तिथे 'कमी' दर्जा निवडला असेल, तर ५.१ मिळत नाही.

दुसरे दार : टीव्ही

टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' शोधा. तिथे 'पीसीएम' असेल तर बहुधा दोनच ध्वनी बाहेर पडतात. 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' निवडावे. आमची अर्धी चूक इथेच होती.

तिसरे दार : वायर

उरलेली अर्धी चूक इथे. जोडणाऱ्याने लाल-पांढरी वायर लावून दिली होती. तिच्यातून, तसेच ब्लूटूथनेही, दोनच ध्वनी जातात. टीव्ही व संच दोन्हीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेले एचडीएमआय तोंड असेल तर ते एकमेकांना जोडावे. टीव्हीला एचडीएमआयची तीन-चार तोंडे असली तरी हे अक्षर सहसा एकावरच असते. त्यासोबत 'सीईसी' ही सोयही चालू करावी.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल वायर चालते. पण ॲप ज्या 'डॉल्बी डिजिटल प्लस' पद्धतीने ध्वनी पाठवतात, ती ऑप्टिकलमधून जात नाही. जुने 'डॉल्बी डिजिटल' जाते. अनेक टीव्ही स्वतःच ते रूपांतर करतात. तेव्हा आउटपुटमध्ये 'डॉल्बी डिजिटल' हा पर्याय दिसतो का, ते पाहावे.

चौथे दार : संच

स्वस्त संचांच्या खोक्यावर '५.१' छापलेले असते, पण मागे फक्त लाल-पांढरी तोंडे असतात. असा संच दोन ध्वनीच सर्व पेट्यांत वाटतो. सेटिंग कितीही बदला, खरा सराउंड मिळणार नाही. संचामागे सहा स्वतंत्र तोंडे असतील, तर मध्ये छोटा डिकोडर लावता येतो. म्हणून विकत घेताना खोके पुढून नव्हे, संच मागून पाहावा.

संचाला पडदी असेल तर तीही वाचावी. 'डॉल्बी डिजिटल' दिसले तर वाट मोकळी आहे. 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' दिसले तर दारे पुन्हा तपासावीत.

जागा आणि शेजारी

दहा बाय बाराच्या खोलीत मागे जागा नसते. मग मागचे दोन स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानापेक्षा थोडे वर लावावेत. संवाद पुसट वाटले तर सगळा आवाज न वाढवता फक्त मधल्या स्पीकरचा वाढवावा. रात्री 'नाईट मोड' लावावा. भिंतीपलीकडे कोणाचे मूल दहावीचा अभ्यास करीत असते.

आम्हाला नवी एचडीएमआय वायर तीनशे रुपयांच्या आत मिळाली. मागचे स्पीकर त्याच संध्याकाळी बोलू लागले, आणि क्लासची फीही वेळेवर भरली गेली.