मज्जातंतूंची परीक्षा

हात किंवा पाय लुळा पडला म्हणजे घरांतील मंडळी घाबरून तेल, लेप व मालिश यांच्या मागें लागतात. परंतु दोष मेंदूंत आहे, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत आहे, तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंत आहे, कीं खुद्द स्नायूंत आहे, हें कळल्यावांचून उपचाराची दिशा ठरत नाहीं. तें ओळखण्याची रीत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मेंदूची आज्ञा विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपानें स्नायूस पोंचते. १८५० सालीं हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या मज्जातंतूंतील या लहरीचा वेग मोजला. तो सेकंदास सुमारें २७ मीटर भरला. मनुष्याच्या हातांतील निरोगी तंतूंत तो बहुधा ५० मीटरांहून अधिक असतो. तो मोजण्याची युक्ति गणित शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यास समजेल. कोपरापाशीं व मनगटापाशीं तंतूस विजेचा हलका झटका देतात, आणि तळहाताच्या स्नायूंत उत्तर किती वेळानें उमटलें तें यंत्र टिपतें. समजा, दोन स्थळांमधील अंतर २२ सेंटिमीटर आहे व दोन वेळांतील फरक सेकंदाचा चार-सहस्रांश आहे. तर वेग सेकंदास ५५ मीटर झाला. तोच २० मीटरांवर आला, तर तंतूवरील वेष्टण झिजलें असें वैद्य अनुमान करितो. वेग ठीक असून उत्तर क्षीण आलें, तर आंतील धागेच कमी झाले असावेत.

दुसऱ्या परीक्षेंत स्नायूंत बारीक सुई घालून त्यांतील विजेचा आवाज ऐकतात. निरोगी स्नायु विसांव्याच्या वेळीं मुका असतो. ज्याचा तंतु तुटला तो आपोआप टिकटिकूं लागतो. मात्र ही टिकटिक दुखापतीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं सुरू होते. म्हणून पहिल्याच दिवशींच्या परीक्षेवरून निश्चिंत होऊं नये.

तुटलेला तंतु अनुकूल स्थितींत पुन्हा वाढतो, पण रोज सुमारें एक मिलिमीटर. कोपरापासून तळहातापर्यंतचें ३० सेंटिमीटर अंतर काटावयास त्यास दहा महिने लागतात. तोंवर सांधे आंखडले, तर तंतु पोंचूनही बोटें उघडत नाहींत. म्हणून सांधे रोज हळुवार हालविणें, आधारपट्टी बांधणें व स्नायूंत बळ येतांच व्यायाम वाढविणें अवश्य असतें. मुंबईस हाजी अली येथें १९५५ सालीं स्थापन झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कार्यासाठीं आहे.

२०२५ च्या आरंभीं पुण्यास गिलँ-बारे रोगाची सांथ आली. यांत शरीराची संरक्षक शक्तीच मज्जातंतूंवर उलटते. बहुतेक रोगी पुन्हा चालूं लागतात. पण त्यास कित्येक आठवडे, कधीं महिने लागतात.

पालकांचा धीर सुटतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत, जेव्हां डोळ्यांस कांहींच फरक दिसत नाहीं. त्याच वेळीं आंत तंतु मिलिमीटर मिलिमीटर पुढें सरकत असतो, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि घरांतील मुलांनीं आजारी भावंडाचीं बोटें रोज नेमानें हालविण्याचें काम आनंदानें अंगावर घ्यावें.