कार्ल बोडमरचीं मिसूरीतीरावरील चित्रें : मूळ व प्रत

अस्सल पत्र आणि नक्कल यांतील अंतर या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. चित्रांच्या बाबतींत मात्र छापील पान समोर आलें कीं तेंच अस्सल, असें आपण सहज धरून चालतों. अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रांताचीं जीं चित्रें यूरोपांत ग्रंथद्वारा प्रसृत झालीं, त्यांपैकीं बोडमरच्या चित्रांची या दृष्टीनें छाननी करणें अवश्य आहे.

बोडमर हा स्वित्झर्लंडांतील झुरिकचा, जन्म १८०९. जर्मनींतील वीड घराण्याचा राजपुत्र मॅक्सिमिलियन हा निसर्गशास्त्राचा व्यासंगी. त्यानें १८३२ मध्यें बोडमरास चित्रकार म्हणून अमेरिकेस नेलें. पुढल्या वर्षीं हे दोघे मिसूरी नदीनें वर फोर्ट मॅकेंझीपर्यंत गेले, आणि परततांना मँडन लोकांच्या गांवांनजीक फोर्ट क्लार्क येथें त्यांनीं हिवाळा काढिला. थंडी एवढी कीं रंग गोठत.

तेथें बोडमरनें माणसें समोर उभीं करून जलरंगांत चितारिलीं. मँडनांचा पुढारी मातो-तोपे याच्या केसांत एक लांकडी सुरी दिसते. ती केवळ शोभेची नव्हे. एका शायेन पुढाऱ्यास त्याच्याशीं झुंजून सुरीनें मारल्याची ती खूण. अंगावरचे रंगाचे पट्टे व पिसें हीही त्या पुरुषाची बखरच होय. आदल्याच वर्षीं जॉर्ज कॅटलिननें याच मातो-तोपेचें चित्र काढिलें होतें. परंतु आकृतीच्या डौलास बाध येऊं नये म्हणून आपण कित्येक अलंकार गाळिले, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. साक्षीदार दोन, पण वेषभूषेच्या प्रश्नीं माझ्या मतें बोडमरचीच साक्ष ग्राह्य.

हें झालें मूळ जलचित्रांविषयीं. प्रवासवृत्ताचा जर्मन ग्रंथ कोब्लेंट्झ येथें १८३९ ते १८४१ या काळांत निघाला, व त्यासोबत ८१ चित्रें धातूच्या पत्र्यांवर कोरून छापिलीं. कोरणारे हात निराळे. कित्येक प्रसंग सुट्या अभ्यासचित्रांवरून मागाहून जुळविलेले. २८ ऑगस्ट १८३३ रोजीं फोर्ट मॅकेंझीच्या तटाबाहेर उतरलेल्या ब्लॅकफूट लोकांवर असिनिबॉइन व क्री यांनीं पहाटें छापा घातला. तो या प्रवाशांनीं किल्ल्यांतून पाहिला खरा. पण छापील चित्रांत आपण हातघाईच्या मधोमध उभे असतों! ही रचना आहे. व्यक्तिचित्रांस प्रत्यक्षाचें बळ आहे, तें हिला देतां येत नाहीं.

हा भेद सोडून देण्यासारखा नाहीं. १८३७ मध्यें आगबोटीबरोबर देवीची सांथ मिसूरीवर आली. सुमारें सोळाशें मँडनांपैकीं फार तर दीडदोनशें वांचले. मातो-तोपेही त्यांत गेला. त्या लोकांचे वंशज आज नॉर्थ डकोटांत फोर्ट बर्थोल्ड येथें राहतात. परंतु सांथीपूर्वींच्या वेषाचा व घरांचा शोध घेणारास या जलचित्रांकडे वळणें भाग आहे.

तीं जलचित्रें शतकाहून अधिक काळ वीड घराण्याच्या वाड्यांत पडून होतीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तीं उजेडांत आलीं, १९६२ मध्यें अमेरिकेंत विकत गेलीं, व ओमाहा येथील जॉस्लिन कलासंग्रहालयांत ठेविलीं गेलीं. तोंवर अभ्यासकांची भिस्त छापील चित्रांवरच. संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : छापील चित्रांवरील रंग पुष्कळदां प्रतीगणिक हातानें भरलेले असत. यास्तव एका प्रतीच्या आधारें कोणत्याही वस्त्राचा अगर पट्ट्याचा रंग निश्चित करूं नये.