मुलीची फी माफ होते, पण कागद वेळेवर हवेत

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीचे एक तांबोळी गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. पानसुपारीचे छोटे दुकान, घरात चार मुले, थोरली मुलगी हुशार. तिला प्रवेश परीक्षेतून फार्मसीच्या पदवीला जागा मिळाली होती. मुलींची फी सरकार भरते असे मोहल्ल्यात सगळ्यांनी त्यांना सांगितले होते. महाविद्यालयाच्या खिडकीवर मात्र पूर्ण फीचा आकडा पुढे आला. कारण विचारले तेव्हा कळले की, नॉन क्रिमी लेयरचा अर्ज नुसत्या पावतीवर भरला होता आणि मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत हाती आले नव्हते. मुलगी खुल्या प्रवर्गात धरली गेली. गुण चांगले म्हणून जागा राहिली, पण माफी गेली. अम्मीच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा पहिला हप्ता भरला गेला.

सवलत होती, मुलगी पात्र होती, नुकसान झाले ते केवळ तारखेमुळे. म्हणून या वेळी आम्ही बाजारभाव बाजूला ठेवून या एकाच विषयाची फोड करीत आहोत.

सवलत काय आहे?

महाराष्ट्रात मुलींच्या उच्च शिक्षणाचा आणि व्यापाऱ्याच्या पैशाचा संबंध जुना आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ त्याला १५ लाख रुपये दिले. आज आपण एसएनडीटी म्हणतो ते त्या आईचेच नाव आहे: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्या काळी मुलीच्या शिक्षणाला दात्याची वाट पाहावी लागे. आज तोच पैसा सरकारी तिजोरीतून येऊ शकतो, पण तो आपोआप येत नाही. मागावा लागतो, आणि नियमात बसवून मागावा लागतो.

राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला. त्याआधी व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना निम्मी सवलत मिळत असे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के सवलत झाली. अटी अशा:

१. मुलगी ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस) किंवा एसईबीसी प्रवर्गातील असावी.

२. पालकांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी असावे.

३. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही.

४. महाविद्यालय शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित किंवा कायम विनाअनुदानित असले तरी चालते. सार्वजनिक विद्यापीठेही यात येतात. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र वगळली आहेत.

तिसरी आणि चौथी अट आपल्या लोकांना सर्वांत जास्त महागात पडते. मोठी इमारत, चकचकीत माहितीपत्रक पाहून आणि एजंटाच्या शब्दावर विसंबून थेट प्रवेश घेतला जातो. पुढे माफी मागायला गेले की दार बंद असते. आमचे सांगणे एवढेच की पैसे मोजण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ही संस्था खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ आहे का? आणि ही जागा कॅपमधली आहे का? उत्तर लेखी नसेल तर ते उत्तर समजू नये.

अभियांत्रिकी, फार्मसी, विधी, बी.एड., व्यवस्थापन यांच्या प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. दहावीनंतरच्या तंत्रनिकेतनाच्या पदविकाही या सवलतीत बसतात. मुलगी आधीपासून शिकत असेल तर पुढच्या वर्षांसाठीही लाभ मिळतो, मात्र दर वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते.

काय माफ होत नाही?

दुकानदाराने हिशेब आधी मांडावा. माफ होते ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, पुस्तके, प्रवास हे घरातून करावे लागते. ‘सगळे फुकट आहे’ असे समजून मुलीला परगावी पाठवले आणि दिवाळीपर्यंत खानावळीचे पैसे थकले, तर तिचे मन अभ्यासात कसे लागणार? प्रवेशापूर्वी वर्षाच्या खर्चाचे साधे अंदाजपत्रक कागदावर लिहावे. दुकानाला माल भरताना जसे लिहितो, तसेच.

ओबीसी की ईडब्ल्यूएस?

आपल्या समाजात हा गोंधळ फार आहे. मोमीन-अन्सारी, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मणियार, मुलाणी अशा धंद्यावरून ओळखल्या जाणाऱ्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्यांची जात कोणत्याही राखीव यादीत नाही, त्यांनी तहसीलदाराकडून ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र घ्यावे. ओबीसी यादीतल्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही. त्यामुळे ‘ओबीसीचे कागद जमत नाहीत, मग ईडब्ल्यूएस काढू’ ही वाट बंद आहे.

ओबीसीची खरी अडचण जुन्या दाखल्यांत असते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. तो धर्म झाला, जात नव्हे. मास्तरांनी विचारले नाही आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले नाही. त्या एका शब्दाची किंमत आज नात भरते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो आणि जातीची नोंदही जितकी जुनी तितकी वजनदार. ती कोठे शोधावी?

चुलत आजोबांचे, आत्यांचे शाळेचे दाखले पाहावेत. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा उतारा तहसील कचेरीतून काढावा. जुने खरेदीखत, घरपट्टीचे उतारे, जमिनीच्या नोंदी यांत नावापुढे ‘पिंजारी’, ‘अत्तार’ असा उल्लेख सापडतो. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातलगाला जात वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर तो सर्वांत भक्कम आधार. भाऊबंदकीत बोलणे बंद असले तरी या कामासाठी चुलतभावाच्या दारात जायला लाजू नये. लग्न झालेल्या मुलीनेही लक्षात ठेवावे की पुरावा माहेरचा, म्हणजे वडिलांच्या बाजूचा लागतो.

जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. त्याची पडताळणी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. या दुसऱ्या कामाला महिने लागू शकतात. विज्ञान शाखेची मुलगी अकरावी-बारावीला असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. निकालाची वाट पाहणारा येथेच मागे पडतो.

नॉन क्रिमी लेयर हा वेगळा कागद. त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा आधार लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जुलैत प्रवेश घेणाऱ्या मुलीकडे पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे प्रमाणपत्र हवे. ‘मागच्या वर्षी काढले होते’ हे उत्तर चालत नाही.

उत्पन्नाचा दाखला

उत्पन्न दोन्ही पालकांचे धरले जाते. नोकरदाराकडे फॉर्म १६ असतो. हातगाडीवाला, रफूगार, जरीकाम करणारा यांच्याकडे कागद नसतो. त्यांना तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र यांवर तहसीलदाराचा दाखला मिळतो. अडचण होते ती मधल्या व्यापाऱ्याची. बँकेचे कर्ज मोठे मिळावे म्हणून विवरणपत्रात उत्पन्न फुगवून दाखवलेले असते आणि मुलीच्या वेळी कमी दाखवायचे असते. दोन्ही कागद सरकारकडेच असतात. खोट्या दाखल्यावर घेतलेली सवलत परत द्यावी लागते, आणि त्यात मुलीचा प्रवेशही गोत्यात येतो. आमचा सल्ला सरळ आहे. विवरणपत्र दर वर्षी भरावे आणि खरे भरावे. ८ लाखांची मर्यादा आपल्यातल्या बहुसंख्य लहान दुकानदारांना आणि कारागिरांना पुरेशी आहे. लपवण्याचे कारणच पडत नाही.

अर्ज करताना

फीमाफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. प्रवेश झाला म्हणजे अर्ज झाला असे नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. अडकलेले अर्ज पाहता चुका त्याच त्या दिसतात.

पहिली चूक नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. कोठे ‘शेख’ आधी, कोठे शेवटी, कोठे वडिलांचे नाव गाळलेले. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत.

दुसरी चूक बँकेची. खाते मुलीच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले असावे. भावाचे किंवा अब्बांचे खाते चालत नाही. खाते वर्षभर वापरात नसेल तर ते चालू आहे याची बँकेत खात्री करावी.

तिसरी चूक पाठपुराव्याची. अर्ज आधी महाविद्यालयाचा कारकून तपासतो, मग पुढे जातो. त्याने त्रुटी काढून परत पाठवला तर तो दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा भरावा लागतो. आठवड्यातून एकदा मुलीने स्वतः अर्जाची स्थिती पाहावी. सेतू केंद्रावर अर्ज भरून घेतला असेल तर पासवर्ड आणि अर्जाची प्रत घरी आणावी. केंद्रवाल्याच्या मोबाइल नंबरावर अर्ज नोंदवू नये, नाहीतर संदेश त्याला जातात आणि मुलगी अंधारात राहते.

महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या शिष्यवृत्त्याही आहेत. त्यांचे नियम वेगळे. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये न बसणाऱ्या मुलीने त्या अवश्य पाहाव्यात. प्रवेशाच्या वर्षाची माहिती पुस्तिका मात्र प्रत्येकीने स्वतः वाचावी, कारण तारखा दर वर्षी बदलतात.

रमजानचा माल शाबानमध्ये

आपल्या धंद्यात ईदचा माल चांदरातीला कोणी भरत नाही. रमजानचा माल शाबानमध्येच येऊन पडतो. कागदांचेही तसेच आहे. मुलगी नववी-दहावीला गेली की जुन्या नोंदींचा शोध सुरू करावा. अकरावीला जातीचे प्रमाणपत्र हाती असावे. बारावीला पडताळणीचा अर्ज गेलेला असावा. एप्रिल लागला की नवे उत्पन्नाचे आणि नॉन क्रिमी लेयरचे कागद काढायला बसावे.

ज्या मोहल्ल्यात जमातीचे कार्यालय आहे, तेथे मे आणि जून महिन्यांत दोन शिकलेली मुले-मुली संध्याकाळी बसवली, तरी कितीतरी घरांचे अर्ज वाचतील. त्याला खर्च एका टेबलाचा आणि चहाचा.

त्या तांबोळी गृहस्थांची मुलगी आज शिकते आहे. तिच्या धाकट्या बहिणीचा पडताळणीचा अर्ज त्यांनी यंदा ती अकरावीत असतानाच भरला. पावती आम्हाला दाखवायला ते मुद्दाम आले होते. पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. पण दुसऱ्यांदा गहाण पडणार नाहीत, असे ते म्हणाले.