बारावीनंतरची पत्रकारिता

पत्रकारितेची पदवी बारावीनंतर मिळते आणि पदवीनंतरही मिळते. घोळ सुरू होतो तो इथूनच. ‘बीजे’ म्हणजे बॅचलर ऑफ जर्नालिझम. नावात ‘बॅचलर’ असला, तरी अनेक विद्यापीठांत तो बीए, बीकॉम किंवा बीएस्सी झालेल्यांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम राहिला आहे. बीएडसारखा, पदवीनंतरचा. मुंबई विद्यापीठाच्या ‘बीएएमएमसी’ला, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधल्या बीएला, बारावी झाल्या झाल्या प्रवेश मिळतो. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते. इतर विद्यापीठांत हीच पदवी जर्नालिझम आणि मास कम्युनिकेशनमधली बीए या किंवा अशाच एखाद्या नावाने चालते. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी नाव नीट वाचावे, कारण ‘मास मीडिया’ असा फलक लावलेल्या वर्गात पत्रकारिता किती आणि जाहिरात किती, हे महाविद्यालयागणिक बदलते.

पत्रकारिता शिकवून येते का, हा वाद या पदवीहून जुना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हा टिळक आणि आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते. विषयाचे ज्ञान, भाषा आणि मत एवढी शिदोरी त्या पिढीला पुरली. पुढे वृत्तपत्र हा व्यवसाय झाला, तरी मुद्रितशोधनापासून सुरुवात करून डेस्कवर येणे, ज्येष्ठ उपसंपादकाने लाल शाईने खोडलेला मजकूर पाहून शहाणे होणे, हीच शाळा होती. वकिलीप्रमाणे पत्रकारितेची सनद तेव्हा नव्हती, आजही नाही.

विद्यापीठात हा विषय आणला तो अमेरिकेने, आणि तिथेच दोन वाटा फुटल्या. मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ मध्ये पत्रकारितेचे स्कूल काढले आणि वर्ग भरले त्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, विद्यार्थ्यांच्या हाताने पहिला अंकही काढला. तो कॉलेजातल्या गमतीजमतींचा अंक नव्हता. गावाच्या बातम्या देणारे ते खरे वृत्तपत्र होते. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये दुसरे स्कूल उघडले. त्याने १९३५ मध्ये पदवीपूर्व शिक्षण थांबवले आणि आधी एखादा विषय शिकून आलेल्यांनाच घ्यायचे ठरवले. मिसुरीचे म्हणणे असे, की हात लवकर चालू झाला पाहिजे. कोलंबियाचे असे, की लिहिण्याआधी डोक्यात काहीतरी हवे. दोघांचेही बरोबर आहे, आणि पदवी अभ्यासक्रम आखणाऱ्यांची आजही ओढाताण होते ती याच दोन म्हणण्यांत.

अविभाजित भारतात विद्यापीठीय पत्रकारितेचा टिकलेला पहिला विभाग १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात सुरू झाला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजने १९५२ मध्ये पाऊल टाकले. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. मराठी पत्रकारांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. ‘रानडेचा’ एवढे सांगितले की ओळख पुरत असे. तरी आधी पदवी आणि मग पत्रकारिता, हाच रिवाज दीर्घकाळ राहिला. तो मोडला टीव्हीने. ‘अल्फा मराठी’ १९९९ मध्ये आणि ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये सुरू झाले. ‘झी २४ तास’ व ‘स्टार माझा’ २००७ मध्ये आणि ‘आयबीएन लोकमत’ २००८ मध्ये आले. चोवीस तास पडदा भरायचा तर कमी वयाची, कॅमेऱ्याला न बुजणारी मुले हवी होती. ती बारावीनंतरच घडवणारा ‘बीएमएम’, म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, मुंबई विद्यापीठाने २००० सालाच्या सुमारासच सुरू केला होता. २०१९-२० पासून त्याचेच ‘बीएएमएमसी’ झाले, पण कट्ट्यावर त्याला अजूनही ‘बीएमएम’च म्हणतात.

‘बीएमएम’ची जुनी रचना पाहिली, की अशी पदवी कशी बांधतात ते कळते. पहिल्या वर्षी संवादकौशल्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, विसाव्या शतकाचा इतिहास, भारतीय राज्यव्यवस्था, मानसशास्त्र आणि साहित्याची ओळख. दुसऱ्या वर्षी सर्जनशील लेखन, जनसंपर्क, सिनेमा, रेडिओ-टीव्ही, छायाचित्रण, माध्यम-संशोधन. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी दोन गटांत वाटले जात: पत्रकारिता किंवा जाहिरात. वार्तांकन, संपादन, अग्रलेख-स्फुट व लेखांचे लेखन, प्रादेशिक पत्रकारितेचा इतिहास, कायदा आणि नीती, प्रसारण पत्रकारिता हे सगळे त्या शेवटच्या वर्षात कोंबलेले. म्हणजे पत्रकार होण्यासाठी आलेल्याला पूर्ण वेळ बातमीच्या पाठीमागे लागायला तिसरे वर्ष उजाडावे लागे. कोलंबियाचा आग्रह इथे जरा जास्तच मानला गेला. शिवाय बहुतेक वर्गांत जाहिरातीकडे कल अधिक असतो, कारण पहिला पगार तिकडे बरा मिळतो.

वार्तांकनाचा तास कसा चालतो ते एका साध्या सरावावरून समजेल. समजा, विद्यार्थ्यांना नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचे टिपण दिले आणि बातमी करायला सांगितली. पहिल्या खेपेस बहुतेकांची वही अशी उघडते: ‘मंगळवार दि. १४ रोजी सकाळी ११ वाजता नगरपालिकेच्या सभागृहात नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली सर्वसाधारण सभा संपन्न झाली. सभेत विविध विषयांवर साधक-बाधक चर्चा झाली.’ शाळेतल्या अहवाललेखनाची ही सवय आहे. बातमी सहाव्या परिच्छेदात दडलेली असते: पाणीपट्टी १,२०० रुपयांवरून १,८०० रुपये करण्याचा ठराव मंजूर झाला. तो ठराव उचलून पहिल्या ओळीत आणायचा: ‘शहरातील नळजोडणीधारकांना येत्या एप्रिलपासून वर्षाला १,८०० रुपये पाणीपट्टी भरावी लागणार आहे.’ सभा किती वाजता सुरू झाली हे शेवटी गेले तरी चालते, जागा कमी पडली तर कापलेही जाते. महत्त्वाचे आधी, किरकोळ खाली, या मांडणीला उलटा पिरॅमिड म्हणतात, आणि कोण, काय, केव्हा, कोठे, का, कसे या सहा ककारांची हजेरी त्यात घ्यायची असते.

पण तास तिथे संपत नाही. ‘पाणीपट्टीत दीडशे टक्के वाढ’ असा मथळा देणारे दोघे-तिघे निघतातच. वाढ सहाशेची, म्हणजे ५० टक्के. पट्टी दीडपट झाली, वाढ दीडशे टक्के नव्हे. मग प्रश्न येतात. विरोध कोणी केला? यापूर्वीची वाढ कधीची? जोडण्या किती आणि थकबाकी किती? टिपणात याची उत्तरे नसतात. ती पाणीपुरवठा विभागात जाऊन आणावी लागतात, नाहीतर माहिती अधिकारात मागावी लागतात. २००५ च्या त्या कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करायचा आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तराची वाट पाहायची. काही प्राध्यापक प्रत्येक विद्यार्थ्याला असा एक अर्ज खरोखर करायला लावतात. परीक्षेत त्याला गुण थोडेच, पण कार्यालयाच्या खिडकीवर उभे राहून पोचपावती मागण्याचे धैर्य आले, की अर्धा बातमीदार तयार होतो.

भाषेची बाजू या पदव्यांत सर्वांत लंगडी आहे. शहरांतले बहुतेक वर्ग इंग्रजीतून चालतात, पुस्तके इंग्रजी, उदाहरणे बऱ्याचदा परदेशी. आणि नोकरी मात्र मराठी डेस्कवर मिळते. मुंबईत रुईयासारख्या काही महाविद्यालयांनी मराठीतून हा अभ्यासक्रम चालवला, ती वाट रुंद व्हायला हवी होती. डेस्कवर येणारा मजकूर दोन प्रकारांनी बिघडलेला असतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीचे शब्दशः भाषांतर झाले, की ‘च्या माध्यमातून’ आणि ‘च्या पार्श्वभूमीवर’ यांचा सुकाळ होतो. पोलिसांची प्रेसनोट तशीच उतरवली, की ‘सदर इसम मयत झाला’ असे वाक्य छापून येते. त्या वाक्याचे ‘त्याचा मृत्यू झाला’ करणे हे उपसंपादकाचे पहिले काम, आणि ते व्याख्यान ऐकून येत नाही. टंकलेखनाचाही एक जाच आहे. मोबाइलवर युनिकोडमध्ये सफाईने लिहिणारा विद्यार्थी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर पाने लावणाऱ्या कार्यालयात गेला, की मजकूर फॉन्टमधून फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरे तुटतात आणि रफार भलत्या अक्षरावर चढतात. ते नजरेने टिपावे लागतात.

कायदा आणि नीती हा विषय विद्यार्थी रुक्ष म्हणून टाळतात, पण कार्यालयात जे शिकायला वेळ मिळत नाही आणि वर्गात नीट शिकवता येते, असे या पदवीत प्रामुख्याने हेच आहे. राज्यघटनेत ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ असा वेगळा शब्द नाही. कलम १९(१)(अ) मधले प्रत्येक नागरिकाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य तेच पत्रकाराचे, आणि १९(२) मधली बंधनेही तीच. त्यानंतर अब्रुनुकसानी, १९७१ चा न्यायालयाच्या अवमानाचा कायदा, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा. १८६७ पासून चालत आलेला वृत्तपत्र नोंदणीचा कायदा जाऊन त्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. प्रेस कौन्सिल तक्रार ऐकून ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. हा फरक ठाऊक नसलेले पत्रकारही पुष्कळ आहेत.

यातला सर्वांत उपयोगाचा धडा ओळख लपवण्याचा. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचे नाव द्यायचे नाही, हे सगळ्यांनाच माहीत असते. ओळख पटेल असे काहीही द्यायचे नाही, हे विसरले जाते. गावाचे नाव, शाळेचे नाव, इयत्ता आणि वडील काय करतात, एवढे छापले तर नाव न छापूनही सारे गाव ओळखते. पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते आणि कुटुंब, शेजार, शाळा असा कोणताही धागा देण्यास मनाई असते. प्रकाशकही जबाबदार धरला जातो. अशी एखादी बातमी वर्गात वाटायची आणि ओळख उघड करणारे शब्द खोडायला सांगायचे; पहिल्या फेरीत काहीतरी सुटतेच. ‘आरोपी’, ‘संशयित’ आणि ‘दोषी’ यांची गल्लतही याच तासात निस्तरायची.

प्रात्यक्षिक म्हणून विद्यार्थ्यांचा अंक निघतो, कुठे भिंतीवर, कुठे छापील, हल्ली बऱ्याच ठिकाणी पीडीएफ. पान आखणे, मथळा ओळीत बसवणे, चौकट कुठे लावायची आणि पानाच्या तळाला कोणती बातमी जाईल, हे त्यात ठरते. टीव्हीसाठी बाइट, म्हणजे छोटी प्रतिक्रिया, घेणे, घटनास्थळी कॅमेऱ्यासमोर उभे राहून बोलणे आणि दोन मिनिटांची बातमीफीत (पॅकेज) कापणे. आता त्यात मोबाइलवरच्या उभ्या व्हिडिओची भर पडली आहे. इंटर्नशिपचा अनुभव नशिबावर असतो. एखाद्याला पहिल्याच आठवड्यात कोर्टाच्या बीटवर ज्येष्ठ बातमीदाराबरोबर पाठवतात, दुसरा महिनाभर निधनवार्ता आणि कार्यक्रमांची निमंत्रणे टाइप करतो. निधनवार्तांत नाव, वय आणि नातेवाइकांचा क्रम अचूक लिहिणे हेही शिक्षणच आहे, फक्त ते तसे कोणी सांगत नाही.

नोकरीसाठी ही पदवी सक्तीची नाही. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी २०१३ मध्ये पत्रकारांसाठी किमान पात्रतेची कल्पना मांडली, तेव्हा तिला व्यवसायातूनच विरोध झाला. संपादक आजही अर्थशास्त्र किंवा कायदा शिकलेला, शेतीची जाण असलेला उमेदवार आनंदाने घेतात, कारण कापसाच्या भावाची बातमी लिहायला कापूस कळावा लागतो. सुरुवातीचा पगार बेताचा, वेळा उलट्या-सुलट्या, आणि जिल्ह्यात तर कित्येकांना बातमीमागे मानधनावर काम करणारा वार्ताहर म्हणूनच वर्षे काढावी लागतात. म्हणून पदवीधरांपैकी बरेच जण जनसंपर्क, कंपन्यांचे मजकूरलेखन, समाजमाध्यमे सांभाळणे, मालिकांचे निर्मितीकाम अशा दिशांनी पांगतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यावा लागतो आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. पत्रकारितेला ही रचना मानवणारी आहे. दुय्यम विषय राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा पर्यावरण असा घेतला, तर कोलंबियाची अट पदवीतच भागते. फक्त महाविद्यालयाने ते विषय खरोखर उपलब्ध करून द्यायला हवेत.

हे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. त्यामुळे शुल्क साध्या बीएपेक्षा बरेच जास्त असते आणि शिकवणारे अनेक जण तासिका तत्त्वावर येतात. त्यातले काही दिवसा तास घेऊन संध्याकाळी डेस्कवर बसणारे पत्रकार असतात, ही जमेची बाजू. प्रवेशाआधी माहितीपत्रकातले स्टुडिओचे फोटो पाहण्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थ्यांचे अंक मागून चाळावेत. त्यांत आसपासच्या प्रभागातली गटारे, बसथांबे, रुग्णालये, बाजारभाव यांच्यावर कोणी जाऊन, विचारून लिहिलेले सापडते, की वार्षिक महोत्सवाची छायाचित्रे आणि इंटरनेटवरून उतरवलेले लेख, हे पहिल्या चार पानांत दिसते. अंकच दाखवायला नसेल, तर पुढच्या महाविद्यालयाचा पत्ता विचारावा.