गाडी ओढत नाही म्हणून लगेच टर्बो बदलायला निघालात? थांबा, आधी हे वाचा

आमच्या मामाची पिकअप आहे. ओतूरच्या बाजूचा माल वाशीला टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन माळशेज घाटानं परत यायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा रूट.

एक दिवस रिकामी गाडीच घाट चढेना. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती. मागं निळसर धूर आणि बॉनेटमधून सायरन वाजल्यासारखा आवाज.

गॅरेजवाल्यानं दोन मिनिटांत निकाल दिला. "टर्बो गेला."

नव्या टर्बोचा भाव ऐकून मामा खालीच बसला. हप्ता डोक्यावर आणि सीझन सुरू. मग स्वस्तातला मार्ग निघाला, जुनाच टर्बो खोलून किट टाकायचं. टाकलं. गाडी पळाली. अकराव्या दिवशी पुन्हा तोच सायरन.

पैसे दोनदा गेले. का गेले, हे समजून घ्यायला मी नंतर दुसऱ्या मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. तिथं जे कळलं ते डिझेल गाडी असणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

तर विषय समजून घ्यायला आधी टर्बो काय करतो ते बघू

इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर आपण सायलेन्सरमधून हवेत सोडून देतो. त्या धुरात भरपूर ताकद असते. ती वाया का घालवायची, असा विचार आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं केला आणि १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं.

आयडिया साधी आहे. एका शाफ्टला दोन पंखे. एक पंखा धुरानं फिरतो, त्याला टर्बाइन म्हणतात. तो फिरला की दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसरचा पंखा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये भरतो. हवा जास्त म्हणजे डिझेल जास्त जाळता येतं. त्यामुळे छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते.

खरी गंमत स्पीडमध्ये आहे. घरातला सीलिंग फॅन मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे मारतो. टर्बोचा शाफ्ट दीड लाखाच्या पुढे जातो. म्हणजे सेकंदाला अडीच हजार फेरे. एका बाजूला बाहेरची गार हवा, तर दुसऱ्या बाजूला सातशे-आठशे डिग्रीचा धूर.

एवढ्या स्पीडला शाफ्ट टिकतो तो ऑइलवर. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट अक्षरशः त्यावर तरंगतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी धातूला धातू घासतो आणि विषय संपतो.

म्हणूनच जुने मिस्त्री म्हणतात, टर्बो मरत नाही, टर्बोला मारलं जातं.

खरंच टर्बो गेलाय का? खिशात हात घालण्याआधी हे तपासा

गाडीची ताकद गेली म्हणजे टर्बोच गेला असं नसतं. एअर फिल्टर चोंदला, डिझेल फिल्टर भरला, इंजेक्टर बिघडला, सायलेन्सर जाम झाला तरी गाडी ओढत नाही. त्यामुळे सुरुवात फुकटातल्या गोष्टींपासून करायची.

पहिली गोष्ट, धुराचा रंग. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतीये. यात बहुतेक वेळा दोष टर्बोपासून इंजिनकडं जाणाऱ्या होज पाइपचा असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट किंवा न जळलेलं डिझेल, तो बहुधा वेगळाच आजार.

दुसरी गोष्ट, होज पाइप आणि इंटरकूलर. क्लॅम्प सैल आहे का, पाइपाला चीर आहे का, जॉइंटजवळ ऑइलचा काळा ओघळ आहे का ते बघा. संशयाच्या जागी साबणाचं पाणी मारून कुणाला तरी थोडी रेस द्यायला सांगा. बुडबुडे आले की चोर सापडला. एका फाटक्या पाइपामुळं टर्बो गेल्याची सगळी लक्षणं दिसू शकतात.

तिसरी गोष्ट, ॲक्च्युएटर. टर्बोला चिकटलेला छोटा डबा आणि त्यातून निघालेली सळई दिसेल. बऱ्याच गाड्यांत ही सळई व्हॅक्यूमवर हलते. तिची बारीक नळी तडकली, तर टर्बो धडधाकट असून गाडी मेल्यासारखी चालते. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक असतं, तिथं आधी स्कॅनर लावायचा. पंख्याभोवतीच्या हलत्या पात्या काजळीनं अडकल्या असतील, तर नुसत्या साफसफाईवर भागू शकतं.

एवढं सगळं ठीक निघालं, तर मग शाफ्टकडं वळायचं.

हाताला काय कळतं?

गाडी बंद आणि पूर्ण गार पाहिजे. चालू इंजिनमध्ये या पंख्याजवळ बोट नेणं म्हणजे बोट घालवणं, यात अतिशयोक्ती नाही.

एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला की कॉम्प्रेसरचा पंखा समोर दिसतो. तो बोटानं फिरवा. अलगद फिरला पाहिजे, कुठं अडकायला नको.

मग शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. थोडासा प्ले जाणवेल. घाबरू नका, बेअरिंग तरंगतं असल्यामुळं तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण हलवताना पंख्याची पाती बाहेरच्या हाउसिंगला टेकत असतील, तर बेअरिंग संपलंय.

आता शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. इथं हाताला जवळपास काहीच जाणवायला नको. या दिशेचा चालणारा प्ले साधारण ०.१ मिलिमीटरच्या आतला असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. हाताला टक-टक स्पष्ट कळत असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. नक्की मोजायला मिस्त्री डायल गेज लावतो. मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते.

पात्यांच्या कडा मोबाइलची टॉर्च मारून बघा. कडा खाल्ल्यासारख्या दिसल्या तर फिल्टरमधून धूळ आत गेलीये. एखादी पाती वाकलीये, तर नट, दगड असं काहीतरी आत गेलंय.

ऑइल दिसलं म्हणजे टर्बो लीक? इथंच बहुतेकांचे पैसे जातात

पाइपाच्या आत ऑइलचा हलका ओलावा असणं नॉर्मल आहे, तो इंजिनच्या ब्रीदरमधून येतो. थारोळं साचलं असेल तर मात्र काळजी.

तरीही दोष टर्बोचाच असेल असं नाही. टर्बोमध्ये ऑइल अडवायला रबरी सील नसतं, लोखंडी रिंगा असतात. आतलं ऑइल खाली इंजिनमध्ये स्वतःच्या वजनानं उतरतं. ते उतरण्याचा पाइप गाळानं तुंबला, किंवा ब्रीदर जाम होऊन इंजिनमध्ये प्रेशर वाढलं, तर ऑइल जाणार कुठं? मिळेल त्या फटीतून बाहेर. अशा गाडीत नवाकोरा टर्बो टाकला तरी तोही लीक होणार.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ऑइल फार जास्त आत जायला लागलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. रेस आपोआप वाढते आणि चावी बंद केली तरी गाडी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. चढावर निळा धूर वाढत चाललेला दिसला, तर घरापर्यंत दामटू नका.

बजेट कमी आहे, मग पर्याय काय?

भाव गाडीगणिक आणि गावागणिक बदलतो, पण स्वस्त ते महाग हा क्रम साधारण ठरलेला आहे.

१) रिपेअर किट. बेअरिंग, थ्रस्ट बेअरिंग, रिंगा, ओ-रिंगा बदलायच्या. शाफ्ट आणि दोन्ही पंखे जुनेच. शाफ्ट गुळगुळीत आणि सरळ असेल तरच हे चालतं. शाफ्टवर नखाला लागेल असा ओरखडा असेल, तर किटचे पैसे पाण्यात.

२) कोअर, म्हणजे मधला पूर्ण भाग. शाफ्ट, पंखे आणि बेअरिंग बसवून, बॅलन्स करून तयार मिळतो. आपली बाहेरची दोन्ही हाउसिंग वापरायची. हाउसिंगला तडा नसेल तर हा मधला मार्ग बऱ्याचदा सगळ्यात परवडतो. फक्त टर्बोच्या पाटीवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या.

३) पूर्ण टर्बो. पंख्याचे तुकडे झालेत, हाउसिंग खराब झालंय किंवा तडकलंय, तेव्हा दुसरा इलाज नाही.

किट टाकणार असाल, तर मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, बॅलन्सिंग कुठं करणार? सेकंदाला अडीच हजार फेरे मारणाऱ्या शाफ्टला किंचितही असमतोल चालत नाही. बॅलन्सिंग मशीन प्रत्येक गावात नसतं, त्यामुळं काम शहरात पाठवावं लागलं तर पाठवा. खोलण्याआधी हाउसिंग, नट आणि शाफ्ट यांच्यावर खुणा करायच्या, म्हणजे सगळं जसंच्या तसं बसतं. जुने पार्ट परत मागा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

मग मामाचा टर्बो दुसऱ्यांदा का गेला?

दुसऱ्या मिस्त्रीनं टर्बोला हातच लावला नाही. आधी टर्बोला ऑइल पुरवणारा बारीक पाइप काढला आणि त्यात तार घातली. तार अर्ध्यावर अडकली. आत ऑइल जळून कोळसा झाला होता. किट नवं होतं, पण त्याला ऑइलच पोचत नव्हतं.

तो कोळसा आला कुठून? घाट चढून आलं की मामा वरच्या टपरीवर चहाला थांबायचा आणि थांबल्या थांबल्या चावी बंद करायचा. टर्बो लालबुंद तापलेला आणि ऑइलचा पुरवठा बंद. आत उरलेलं ऑइल तिथंच जळायचं. त्यात ऑइल बदलायची तारीखही पुढं ढकललेली.

या वेळी शाफ्टवर ओरखडे होते, म्हणून कोअर टाकावा लागला. सोबत नवा ऑइल पाइप, साफ केलेला ड्रेन पाइप, नवं ऑइल, फिल्टर आणि आतून धुतलेला इंटरकूलर. पाइपाच्या जॉइंटला सिलिकॉन लावलं नाही, कारण त्याचा तुकडा सुटून ऑइलचं भोक बुजवू शकतो. बसवताना टर्बोत थोडं ऑइल ओतलं, इंजिन स्टार्ट न करता नुसतं फिरवून ऑइल वर चढवलं आणि मग गाडी चालू करून काही मिनिटं रेस न देता ठेवली.

पहिल्याच वेळी तो पाइप बदलला असता, तर कदाचित किटवर भागलं असतं.

म्हणून गॅरेजवाला "टर्बो गेला" म्हणाला, की पुढचा प्रश्न "नवा कितीला?" हा नको. "कशामुळं गेला?" हे विचारा. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय काम करायला सांगू नका.

मामा अजूनही त्याच टपरीवर चहा पितो. फक्त आता गाडी थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवतो, खिडकीतूनच चहाची ऑर्डर देतो आणि मगच चावी फिरवतो.